सीआरपी ५.२ आणि पहाटे चारचं घोरणं

पत्र: डॉक्टर, नमस्कार. मी नागपुरात मानेवाड्याला राहते. ह्यांचं वय ५२, हिंगणा एमआयडीसीत सुपरवायझर आहेत. उंची पाच फूट सहा इंच, वजन ९४ किलो, बीपीच्या दोन गोळ्या सुरू, दिवसाला दोन खर्रे. घोरणं लग्नापासूनचंच आहे, पण उन्हाळाभर कूलरच्या घरघरीत काही समजत नाही. दिवाळीनंतर कूलर झाकून ठेवला तेव्हा लक्षात आलं, घोरता घोरता ह्यांचा आवाज एकदम बंद होतो. मी घाबरून उठून बसते. मग मोठा हुंदका दिल्यासारखा श्वास येतो आणि पुन्हा घोरणं सुरू. रात्रीतून तीनदा लघवीला उठतात. मागच्या आठवड्यात व्हरायटी चौकातल्या सिग्नलवर गाडीतच डोळा लागला, मागचे हॉर्न वाजवून राहिले तरी ह्यांना पत्ता नाही.

कंपनीच्या चेकअपमध्ये एचएस-सीआरपी ५.२, ईएसआर २८, हिमोग्लोबिन १७.४, एचबीएवनसी ६.२, युरिक ॲसिड ७.६ आलं. लॅबवाला म्हणाला, शरीरात सूज आहे. ह्यांनी लगेच हळदीच्या कॅप्सूल मागवल्या. पुण्याची मुलगी म्हणते, हे स्लीप ॲप्नियामुळे, म्हणजे झोपेत श्वास बंद पडण्यामुळे आहे, आयएल-सिक्स वगैरेचं मोठं पॅनेल करा, म्हणजे नक्की कळेल. आणि हे म्हणतात, झोपताना लावायचं ते मशीन लावून सीआरपी उतरत असेल तर लावतो, नाही तर काहून लावायचं? रक्तातून खरंच कळतं का हे? मी आता दुसऱ्या खोलीत झोपते, त्याचंही मनाला लागून राहिलं आहे.

उत्तर: ताई, बाकी सगळं नंतर. आधी भाऊजींकडून गाडीची किल्ली घ्या. सिग्नलवर गाडी उभी होती म्हणून निभावलं. तोच डोळा वर्धा रोडवर किंवा समृद्धीवर लागला असता तर तुम्ही मला सीआरपीबद्दल पत्र लिहीत बसला नसता. समृद्धीवर ना सिग्नल ना गर्दी, रात्री छान झोपलेल्या माणसालाही तिथे पेंग येते. तपासणी होऊन उपचार लागू पडेपर्यंत कंपनीच्या बसने किंवा कोणाच्या तरी मागे बसून जाऊ द्या. गावी जायचं असेल तर गणेशपेठहून एसटी आहे. कुरकुर करतील. करू द्या.

आता रिपोर्ट. लॅबवाल्याने ‘सूज’ म्हटलं की आपण आधी पायाचे घोटे दाबून बघतो. ही सूज ती नाही. ज्याला दाह म्हणतात, जखम लाल होते, गरम होते, ठणकते, तो प्रकार शरीरात कुठेतरी मंद आचेवर चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं. न्यूमोनियाच्या जंतूतल्या ‘सी’ नावाच्या घटकाला ते चिकटत होतं, म्हणून नाव पडलं सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. दाह कुठेही असो, तिथल्या पेशी आयएल-सिक्स नावाचा निरोप रक्तात सोडतात आणि निरोप पोचला की यकृत सीआरपी ओतायला लागतं. कारण मिटलं की ते भराभर उतरतं, साधारण १९ तासांत निम्मं.

म्हणजे मोहल्ल्यात लाउडस्पीकर लागल्यासारखं आहे. कुठेतरी काहीतरी चालू आहे हे सगळ्या मोहल्ल्याला कळतं, पण लग्न आहे, बारसं आहे की निवडणूक, आणि कोणाच्या घरी, ते आवाजावरून कळत नाही.

आकडा कसा वाचायचा तेही सांगतो. एचएस-सीआरपी (तेच सीआरपी, जास्त बारकाईने मोजलेलं) हृदयविकाराच्या धोक्यासाठी वापरतात तेव्हा १ पेक्षा कमी म्हणजे धोका कमी, १ ते ३ मधला, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेलं तर हृदयाचा विचार बाजूला ठेवून आधी संसर्ग शोधायचा आणि दोन-तीन आठवड्यांनी तपासणी परत करायची. हे सगळं मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. काही लॅब प्रति डेसिलिटर छापतात, तिथे दहापट फरक पडतो. रिपोर्टच्या उजव्या बाजूचं ते बारीक अक्षर आधी बघा. तुमचं ५.२ प्रति लिटर आहे असं धरून पुढे लिहितो.

५.२ चा हा लाउडस्पीकर भाऊजींच्या शरीरात कोणाकोणाच्या घरी वाजत असेल? पहिलं घर पोटावरच्या चरबीचं. उंची-वजनाचा हिशोब केला तर बीएमआय ३३ च्या पुढे येतो. आपल्याकडे २५ पासूनच लठ्ठपणा धरतात, कारण भारतीय माणसाची चरबी पोटात साठते आणि कमी वजनातच त्रास देते. ही चरबी नुसती पडून राहत नाही, स्वतःच आयएल-सिक्स सोडते. दुसरं घर हिरड्यांचं. दोन खर्रे म्हणजे दिवसभर तंबाखू-सुपारी गालात. हिरड्या सुजून त्यांच्या खाली पू साठत असेल तर तेवढ्यानेही सीआरपी चढतं, आणि दाताच्या डॉक्टरांनी ते साफ केलं की थोडं उतरतं. खर्ऱ्याबद्दल अख्ख्या विदर्भाला इतकं सांगून झालंय की आता मी फक्त आरशासमोर तोंड पूर्ण उघडून बघायला सांगतो. तीन बोटं उभी जात नसतील तर दाताच्या डॉक्टरांकडे उद्याच जा, सीआरपी राहू द्या. तिसरं म्हणजे पावसाळ्यानंतर घरात कोणाला डेंग्यू, चिकनगुनिया झाला होता का? चिकनगुनियाचे सांधे महिनोन्महिने धुमसत राहतात आणि त्या काळातल्या सीआरपी-ईएसआरला दुसरा काही अर्थ लावता येत नाही.

आणि चौथं घर झोपेचं. इथे मुलगी अर्धी बरोबर आहे.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. मान जाड असेल, जीभ मागे पडली, तर श्वासाची वाट मिटते. छाती-पोट ओढत राहतात, हवा आत जात नाही. असा खंड निदान दहा सेकंदांचा असला तर त्याला ॲप्निया म्हणतात. रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, माणूस अर्धवट जागा होतो, हुंदका देतो, ऑक्सिजन झटकन वर येतो. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. तासाला असे ५ ते १५ खंड म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. तीव्रमध्ये सात तासांच्या झोपेत दोनशेच्या वर वेळा हे घडतं.

दाह होतो तो या घसरण्या-चढण्याने. मे महिन्यात लाइट जाऊन येते तेव्हा काय होतं आठवा. लाइट गेली आणि दोन तास गेलेलीच राहिली तर फ्रिजला काही होत नाही. पण दर पाच मिनिटांनी जाऊन राहिली, येऊन राहिली, व्होल्टेज खाली-वर होऊन राहिलं, की फ्रिजचा कॉम्प्रेसर जळतो. पेशींचंही तसंच. डब्लिनमधल्या संशोधकांनी २००५ मध्ये प्रयोगशाळेत पेशींना सलग कमी ऑक्सिजन दिला आणि काही पेशींना कमी-जास्त, कमी-जास्त असा दिला. सलग कमी ऑक्सिजनमध्ये पेशी जुळवून घेण्याची यंत्रणा चालू करतात, रक्त वाढवण्याची, नव्या वाहिन्या फुटवण्याची. कमी-जास्त ऑक्सिजनमध्ये मात्र दाहाचं मुख्य बटण दाबलं जातं, त्याचं नाव एनएफ-कप्पा-बी. तिथून पुढे टीएनएफ-अल्फा नावाचा आणखी एक निरोप, आयएल-सिक्स आणि मग आपलं सीआरपी. ॲप्नियाच्या रुग्णांत हे सगळे आकडे सरासरीने वाढलेले दिसतात, हे अनेक अभ्यासांत आलेलं आहे. अडचण एवढीच की यातले बहुतेक रुग्ण जाडही असतात आणि जाडी वेगळी काढली की ॲप्नियाचा स्वतःचा वाटा बराच लहान होतो.

म्हणून ते मोठं पॅनेल करू नका. मुलीची तळमळ खरी आहे, पण आयएल-सिक्स दिवसातल्या वेळेप्रमाणे, सर्दी-पडशाप्रमाणे, जिना चढून आल्यावरही बदलतं, आणि कोणत्याही आकड्याला ‘इथून पुढे ॲप्निया’ अशी रेघ नाही. रक्ताची कोणतीच तपासणी ॲप्नियाचं निदान करत नाही. सीआरपी ०.८ असलेल्या सडपातळ माणसाला तीव्र ॲप्निया असू शकतो आणि ५.२ असलेला माणूस रात्रभर शांत झोपत असू शकतो. त्या पैशांत झोपेची खरी तपासणी करा.

बाकी आकडे थोडक्यात. ईएसआर हाही दाहाचाच एक जुना, ढोबळ आकडा, त्या २८ वर वेळ घालवू नका. पुरुषाच्या वयाला दोनाने भागा, तेवढं चालतं असा आमचा जुना अंदाज आहे. भाऊजींचं २६ येतं, म्हणजे दोन जास्त. युरिक ॲसिड वजनानेही चढतं, ॲप्नियानेही. सांधा दुखत नसेल तर आज त्यासाठी गोळी नको. एचबीएवनसी हा गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.२ म्हणजे मधुमेहाच्या उंबऱ्यावर (५.७ ते ६.४ हा तो पट्टा), आणि झोप मोडत राहिली की इन्सुलिन नीट काम करत नाही हेही खरं. पण आपल्या भागात एक विचारावंच लागतं, घरात कोणाला सिकलसेल, म्हणजे हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार, आहे का? असेल, तर एचबीएवनसी तपासण्याच्या पद्धतीप्रमाणे फसवू शकतं. त्यापेक्षा उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर सरळ बघा.

हिमोग्लोबिन १७.४ कडे मात्र मी थांबलो. ॲप्नियात रात्रीचा ऑक्सिजन घसरला की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन नावाचं रक्त वाढवणारं संप्रेरक सोडतं आणि रक्त दाट होतं, पण ही वाढ सहसा थोडीच असते. बरीच वाढली तर शंका येते की ऑक्सिजन दिवसाही कमी आहे का. वजनदार माणसात फुप्फुसं पुरेशी हलत नाहीत, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि रक्तात बायकार्बोनेट वाढतं. म्हणून मी एक साधी तपासणी सांगेन, सीरम बायकार्बोनेट. २७ च्या खाली असेल तर ती भीती बरीचशी मिटते. २७ किंवा वर असेल तर छातीच्या डॉक्टरांना पहिल्या भेटीतच दाखवा. सोबत टीएसएच करून घ्या, कारण थायरॉइड मंद असेल तर जीभ-घसा जाड होऊन ॲप्निया वाढतो. रक्ताचं एवढंच.

लघवीचं तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंय, पण ते इथलंच आहे. वाट मिटलेली असताना छाती जोरात ओढते, आत ताण पडतो, हृदयाचा उजवा कप्पा ताणला जातो. हृदयाला वाटतं रक्त जास्त झालं, ते एएनपी नावाचं संप्रेरक सोडतं आणि मूत्रपिंड लघवी तयार करायला लागतं. कित्येक माणसं या तीनदा उठण्यासाठी प्रोस्टेटच्या गोळ्या खात बसतात. झोपेचा इलाज सुरू झाला की बऱ्याच जणांचं हे उठणं सगळ्यात आधी थांबतं.

आता भाऊजींचा प्रश्न, आणि तो मला आवडला. मशीन लावून सीआरपी उतरणार का? खरं उत्तर असं की त्यावर पैज लावू नका.

मशीन म्हणजे सीपॅप. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी ते जगापुढे आणलं. नाकावरच्या मास्कमधून हवेचा हलका दाब देतात आणि तो दाब घशाला आतून उघडं धरतो. श्वास बंद पडणं त्याच रात्री थांबतं. पण २०१४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. ॲप्निया असलेली, लठ्ठ आणि सीआरपी वाढलेली १८१ माणसं. काहींना फक्त सीपॅप, काहींना फक्त वजन कमी करायचा कार्यक्रम, काहींना दोन्ही, असं २४ आठवडे चाललं. वजन उतरवणाऱ्या दोन्ही गटांत सीआरपी उतरलं. नुसत्या सीपॅपवाल्यांचं उतरलं नाही. मात्र ज्यांनी दोन्ही गोष्टी मनापासून केल्या त्यांचं वरचं बीपी सगळ्यात जास्त उतरलं. म्हणजे लाउडस्पीकर बहुतांशी पोटाच्या घरी होता.

मग मशीन काहून लावायचं? व्हरायटी चौकासाठी. दिवसाची झोप, चिडचिड, सकाळचं जड डोकं, रात्रीचं उठणं, यात सीपॅप जे करतं ते दुसरं काही इतक्या लवकर करत नाही. बीपी सरासरीने दोन-तीन अंकच उतरतं, पण ज्यांचं बीपी गोळ्यांना दाद देत नाही त्यांचं जरा जास्त. कोणी तुम्हाला सांगेल की २०१६ च्या मोठ्या अभ्यासात सीपॅपने हार्ट ॲटॅक कमी झाले नाहीत. खरं आहे. सात देशांतले, त्यात आपलाही, २,७१७ लोक होते. पण त्यांनी सरासरी रात्री ३.३ तासच मशीन लावलं, आणि ज्यांना दिवसा फार झोप येते त्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. सिग्नलवर झोपणारे भाऊजी त्यात बसलेच नसते. त्यांना सांगा, मशीन चाललं की नाही हे लॅबमध्ये विचारायचं नाही, मशीनच्याच पडद्यावर दिसतं. रात्री किती तास लावलं आणि तासाला किती खंड उरले, दोन्ही आकडे रोज तिथे असतात. सीआरपी दर महिन्याला करू नका.

वजनाचं बोलतोच आहोत तर, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या अभ्यासात वजन १० टक्के उतरलं तर खंड सुमारे २६ टक्के कमी होतील असा अंदाज २००० साली निघाला होता. भाऊजींचे १० टक्के म्हणजे नऊ-साडेनऊ किलो. सावजी बंद करा असं मी नागपुरात कोणाला सांगत नाही, माझंच कोणी ऐकणार नाही. पण रात्री साडेदहाचं जेवण आठला आणा, ड्यूटीवरच्या तर्री-पोह्याची दुसरी प्लेट सोडा, आणि रात्री दारू असेल तर ती सगळ्यात आधी सोडा. दारूने घसा आणखी सैल पडतो. झोपेची गोळी तर अजिबात नको. वजनाच्या नव्या इंजेक्शनांबद्दल विचारालच. टिर्झेपाटाइडला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठ माणसांतल्या मध्यम ते तीव्र ॲप्नियासाठी मान्यता मिळाली. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीचं काम आहे आणि आधी निदान तर होऊ द्या.

हळदीच्या कॅप्सूल बंद करा. वरणातली हळद हवी तेवढी. पण कॅप्सूलमधला अर्क शरीरात जास्त शोषला जावा म्हणून त्यात मिरीचा अर्क घालतात, आणि अशा कॅप्सूलनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. सीआरपी उतरवायला निघायचं आणि ते तयार करणारं यकृतच दुखवायचं, हा कुठला न्याय?

करायचं काय ते आता सांगतो. भाऊजींना घेऊन छातीच्या किंवा कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जा. मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा मिहानच्या एम्समध्ये श्वसनरोग विभाग आहे; झोपेची तपासणी तिथे होते की बाहेर करावी लागेल ते तिथेच विचारा. एक तपासणी रात्रभर प्रयोगशाळेत झोपून होते, एक छोटं यंत्र घरी नेऊन. भाऊजींसारख्या ठसठशीत लक्षणांत घरचीही चालते, पण छातीच्या डॉक्टरांना बायकार्बोनेट जास्त दिसलं तर ते प्रयोगशाळेतलीच सांगतील. घरच्या तपासणीत काही निघालं नाही तर ‘नाही’ म्हणून सोडू नका, प्रयोगशाळेतली करा. मनगटावरच्या घड्याळाचा आलेख डॉक्टरांना दाखवा हवं तर, पण तो निदान नाही. जाताना शर्टाच्या कॉलरच्या जागी टेप लावून मानेचा घेर मोजून न्या; ४० सेंटिमीटरच्या वर असेल तर ॲप्नियाची शंका मोजताना तोही एक गुण धरतात. मशीन ठरलं तर लगेच विकत घेऊ नका, भाड्याने मिळतं का ते विचारा. मास्क बसला नाही तर दुसरा मागा. निम्मी माणसं मशीनला कंटाळत नाहीत, चुकीच्या मास्कला कंटाळतात, असं मला इतक्या वर्षांत वाटायला लागलंय. आणि पुढे कधी कुठलंही ऑपरेशन निघालं, हर्नियाचं का असेना, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ॲप्नियाचं आधी सांगा.

राहिलं दुसऱ्या खोलीचं. त्यात काही चूक नाही. तुमचीही झोप मोडून तुमचंही बीपी वाढायला नको. फक्त तीन रात्री परत या. पहाटे चारचा गजर लावा, कारण पहाटे स्वप्नांची झोप जास्त असते आणि तेव्हा घसा सगळ्यात सैल असतो. पंखा बंद करा. पांघरूण पोटापर्यंत खाली ओढा, म्हणजे छाती-पोट हलताना दिसेल. मोबाइलवर चार-पाच मिनिटांचा व्हिडिओ घ्या. आवाज बंद झाला की मनात सेकंद मोजा आणि हुंदका आला की आकडा हळूच बोला, व्हिडिओत रेकॉर्ड होईल. भाऊजी म्हणतील, माझे असले व्हिडिओ काढू नको. त्यांना एकदा दाखवा. डॉक्टरांना तर हाच व्हिडिओ आधी दाखवा, रिपोर्टची फाइल त्यानंतर. तीन रात्री झाल्या की तुमची उशी घेऊन तुम्ही दुसऱ्या खोलीत.